माहेरी बोलावणाऱ्या डॉक्टरीणबाई

"आता माहेरी या," असं आमच्या डॉक्टरीणबाई उजव्या हाताचं बोट वाकवून म्हणायच्या. बोलणारा विषय सोडून भटकला की हे ठरलेलं. ठाण्यात टेंभी नाक्याजवळच्या त्यांच्या दवाखान्यात भले भले मिशीवाले निमूटपणे माहेरी यायचे. बाई आता नाहीत. पण आमच्या आळीत नवराबायको भांडताना एकमेकांना अजून हेच सुनावतात.

मी त्यांचा शेजारी, रोज दवाखान्यात येऊन बसणारा. माझ्या बडबडीला घरचे विटले होते. तिचा काही उपयोग असू शकतो हे फक्त बाईंना सुचलं.

स्वातंत्र्यानंतर वर्षा-दोन वर्षांतली गोष्ट. बाळकुमचा एक मिठागरावरचा मुकादम खाडीत मीठ भरताना मचव्याच्या फळीवरून घसरला आणि डोक्यावर आपटला. जखम भरली, हातपाय धड राहिले, बोलणंही घडाघडा. पण त्या बोलण्याचा लगाम सुटला. पुतणीच्या साखरपुड्यात त्यानं मुलाकडच्यांना सांगून टाकलं, "पोरगी रातची लय घोरते." सोयरीक मोडता मोडता वाचली. मुलीचा बाप, म्हणजे मुकादमाचा थोरला भाऊ, त्याला बाईंकडे घेऊन आला.

"बाय, याला येड्यांच्या इस्पितलान टाकाचा हाय. चिठ्ठी देता का?"

मागे मुकादमाची बायको तोंडाला पदर लावून उभी होती.

"नाडी नंतर बघू," म्हणत बाई मुकादमाकडे वळल्या. "बाळकुमहून इथवर कसे आलात?"

तो सांगू लागला आणि मेव्हण्याच्या गाईवर गेला, तिथून वासरावर, वासरावरून दाव्यावर. "अहो, अजून वाटेतलं माजिवडाही आलं नाही. माहेरी या," बाई म्हणाल्या. मग विचारलं, "नाचता येईना, अंगण वाकडं. याचा अर्थ काय?"

मुकादमानं नीट विचार केला. "मंग आंगन सरल करून घ्या."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत.

"हा वेडा नाही," त्यांनी भावाला सांगितलं. "शब्द सगळे जागेवर आहेत. कुठं थांबायचं, काय झाकायचं, समोरच्याच्या मनात काय आहे, हे कळेनासं झालंय. ते शिकवता येतं. मुलीच्या लग्नापर्यंत याला माझ्याकडे पाठवा. लग्नात पुन्हा तोंड घसरलं, तर चिठ्ठी मी देईन."

औषध म्हणून त्यांनी मला नेमलं. रोज संध्याकाळी मी आणि मुकादम समोरासमोर, मध्ये एक सुपारी. ती ज्याच्या हातात त्यानंच बोलायचं. दुसऱ्यानं ती घेताना आधी काय ऐकलं ते एका वाक्यात सांगायचं, मगच स्वतःचं. पहिले काही दिवस सुपारी सोडवेना ती मलाच. "पेशंट कोण ते एकदा ठरवा," बाई म्हणाल्या.

पुढे त्या मुद्दाम कपाळाला आठ्या घालून मुकादमाला विचारायच्या, "आता माझ्या मनात काय?" आधी तो म्हणायचा, "दात दुखतोय." हळूहळू म्हणायला लागला, "राग आलाय." एकदा बायकोचा चेहरा पाहून तो बोलता बोलता आपणहून थांबला. ती माउली दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली.

लग्नाच्या मांडवातही भावाच्या तोंडी चिठ्ठीच होती. बाई निश्चिंत होत्या. माझा मात्र जीव टांगणीला लागला होता.

पंगत बसली, आणि नवऱ्या मुलाचा बाप मिश्कीलपणे मुकादमाला म्हणाला, "काय मुकादम, आमची सून घोरते ना?"

भावाचा घास हातातच राहिला. मुकादमानं भावाकडे पाहिलं, मग खाली मान घातलेल्या पुतणीकडे पाहिलं.

"ती नाय ओ. मीच घोरतू. आमची भिंत पातल, म्हनून तिचा नाव झाला."

मांडवभर हशा पिकला. भावानं उठून स्वतःच्या हातानं मुकादमाच्या पानात जिलबी वाढली.

मी बाईंच्या कानाशी लागलो. "बाई, धडधडीत खोटं बोलला हो."

बाईंनी पदरानं डोळे टिपले.

"हो," त्या म्हणाल्या. "बरा झाला."