पोझवाले नाना

कॅमेरा दिसला की नाना श्वास घ्यायचे थांबत. पोट आत, हनुवटी वर, एकच भुवई उचललेली आणि नाकावरचा चष्मा खिशात. त्या चष्म्याची एक काडी मोडलेली होती, तिच्या जागी कानामागे अडकवायला काळा दोरा. "काचांवर उजेड चमकतो, माणूस आंधळा दिसतो," असं सांगत. चष्मा काढल्यावर त्यांना कॅमेरा कुठे आहे हेच दिसत नसे, ती गोष्ट वेगळी.

डोंबिवलीला माझ्या सासरच्या आणि त्यांच्या घरात भिंत एकच, त्यामुळे उपदेश न मागता मिळे. "फोटोत दात काढू नयेत. मनात 'बाप्पा' म्हणावं, ओठ आपोआप मिटतात." माझ्या लग्नात तर फोटोग्राफरला बाजूला सारून वऱ्हाड नानांनीच रचलं. सासूबाईंना म्हणाले, "वहिनी, तुम्ही खुर्चीमागे या, निम्म्या झाकल्या जाल." सासूबाई झाकल्या गेल्या, पण पुढे कितीतरी दिवस दोन्ही घरांतली विरजणाची देवघेव बंद होती. त्या फोटोत आम्ही सगळे मनात बाप्पा म्हणत उभे आहोत. लग्न कसलं, कोणाला तरी पोचवून आल्यासारखे दिसतो.

पण नानांचा खरा जीव अडकला होता तो आपल्यामागे भिंतीवर लागायच्या फोटोत. नानींना म्हणत, "माणूस जातो, फोटो राहतो. पुढच्यांनी मला त्यावरूनच ओळखायचं ना?" दर दसऱ्याला कोणाचा तरी कोट मागून, तोंडाला पावडर थापून कल्याणच्या स्टुडिओत जायचे आणि फोटो हातात आला की तोंड वाकडं करायचे, "हा काही मी नव्हे."

एका वर्षी मात्र जमलं. फोटोग्राफरने ब्रशने सुरकुत्या पुसल्या, देवीचे व्रण बुजवले, नाकावरचा चष्म्याचा वळ घालवला आणि टकलावर चार केसही उगवून दिले. नानांनी खऱ्या डोक्याएवढा मोठा करून फ्रेम करून आणला. नानींनी पाहिला, "छान आहे," म्हणाल्या आणि तव्यावरची भाकरी उलटायला गेल्या.

पुढच्याच थंडीत नाना गेले. फोटो भिंतीवर लागला. भेटायला येणारे हात जोडत आणि हळूच मला विचारत. कळव्याची त्यांची सख्खी मावसबहीण म्हणाली, "हे कोण गं? नानाचे सासरे का?" ज्यावरून नानांना ओळखायचं, त्याची ओळख मलाच करून द्यावी लागत होती. एरवी मी पोट धरून हसले असते.

नानींच्या डोळ्यांत मात्र टिपूस नाही. तेराव्याला पान वाढलं, तर भिंतीकडे पाठ करून बसून राहिल्या. मी जेवायचा आग्रह केला, तशा म्हणाल्या, "परक्या पुरुषासमोर घास उतरत नाही गं. ह्यांच्यासाठी रडावं म्हणून वर बघते, तर हा मेला भुवई उचलून माझ्याकडे बघतो."

मग उठल्या. कोनाड्यातून नानांचा चष्मा काढला, पाटावर चढल्या आणि त्याच काळ्या दोऱ्याने तो फ्रेमला बांधला, फोटोतल्या डोळ्यांवर येईल असा. जरा वाकडाच बसला. नानांनाही तो तसाच बसायचा.

"आलात का," नानी म्हणाल्या, आणि नाना गेल्यापासून पहिल्यांदा रडल्या. मलाही राहवलं नाही. भिंतीपलीकडून आता कोणी आगाऊपणे बाप्पा म्हणायला सांगणार नव्हतं.

दारातला उजेड त्या काचांवर चमकत होता. नाना अगदी आंधळे दिसत होते, आणि अगदी नाना दिसत होते.