चेअरमनच्या गुडघ्याचा ठराव

पोळ्यानंतरचा दुसरा गुरुवार. रक्कम पंचावन्न हजार रुपये, औषधं वेगळी. हजर: नगरचे जनावरांचे डॉक्टर, माझ्या बायकोचे मामा, मामांचा मुलगा प्रकाश, मी, आणि टेबलावर कुशीवर पडलेला चेअरमन. चेअरमन हा मामांचा कुत्रा. डॉक्टरांनी आकडा सांगितला, तेव्हा मी प्रकाशकडे पाहिलं, प्रकाशनं छताकडे पाहिलं, आणि मामा शांतपणे म्हणाले, "हा विषय सभेपुढं ठेवावा लागंल."

"कुठल्या सभेपुढे?" डॉक्टरांनी विचारलं. त्यांना वाटलं, कुत्रा एखाद्या संस्थेचा असावा.

माझ्या बायकोच्या मामांनी उभ्या आयुष्यात एकही निर्णय एकट्यानं घेतलेला नाही, हे मी कुठेही शपथेवर सांगेन. कोल्हारजवळच्या एका गावात ते चौतीस वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी होते. आमच्या जिल्ह्यात सोसायटी, डेअरी, पतसंस्था, कारखाना यांच्या सभा माणसाच्या जन्मापासून मरणापर्यंत चालूच असतात. पण सभा संपली की बाकीची माणसं चहा पिऊन घरी जातात. मामा सभा घरी घेऊन गेले. भिंतीला रंग कुठला द्यायचा, भाचीच्या बारशाला काय न्यायचं, विहिरीवरची मोटार दुरुस्त करायची की नवी घ्यायची, प्रत्येक गोष्टीला सूचक पाहिजे, अनुमोदक पाहिजे, आणि मग ठराव. सूचक अर्थात मामा. अनुमोदक मामी. मामा ओसरीवर खुर्चीत बसून घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "रविवारी बाजारातून नवी घमेली आणावीत, अशी सूचना मी मांडतो." आतून, भाकरी थापण्याचा आवाज जराही न थांबता, मामींचं उत्तर यायचं, "अनुमोदन!" झाला ठराव. मामी कधीकधी काय ठरलंय हे ऐकायच्याही नाहीत. एकदा म्हशीच्या विक्रीला त्यांनी असंच अनुमोदन दिलं, आणि म्हैस गेल्यावर दोन दिवस मामांशी बोलल्या नाहीत. मामा म्हणाले, "आता काय बोलणार? सर्वानुमते मंजूर हाय."

प्रत्येक ठरावामागे मामा मामींना बैठक भत्ता द्यायचे. आमचं लग्न झालं तेव्हा भत्ता एक रुपया होता, पुढे पाच झाला, शेवटी दहा. ते नाणं मामा ओट्याच्या कडेला ठेवायचे, हातात द्यायचे नाहीत, आणि मामी पिठाचा हात पदराला पुसून ते बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायच्या. त्या डब्यात नाणी किती झाली, हे मी एकदा विचारलं होतं. मामी म्हणाल्या, "जावईबापू, बाईमाणसाचं मत फुकट जाऊ नये, एवढंच बघायचं. मोजायचं कशाला?"

कोरमवर मामांचा फार जीव. माझ्या लग्नात अंतरपाट धरल्यावर त्यांनी भटजींना थांबवलं, मांडवावरून नजर फिरवली आणि खड्या आवाजात विचारलं, "कुणाची हरकत असंल तर आत्ताच सांगा, मागून तक्रार चालणार न्हाई."  माझी आई आजही सांगते की मांडवातली ती शांतता तिला वर्षभर पुरली. सभेला माणसं कमी पडली, तर ती अर्धा तास तहकूब करायची आणि मग त्याच जागी कोरम नसला तरी घ्यायची, असा सोसायटीचा नियम आहे. मामा तो जेवणालाही लावायचे. पंगतीला माणसं कमी असली की ते ताट पुढे घेऊन अर्धा तास स्वस्थ बसून राहायचे, आणि अर्धा तास झाला की एकटे जेवायचे. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे, कारण ते नियमाला धरून होतं.

चेअरमन घरात आला तो मात्र ठरावाशिवाय. ऊसतोडीचा अड्डा उठला तेव्हा मागे राहिलेलं पिल्लू मामींनी पदरात घालून आणलं. मामा म्हणाले, "हा विषय अजेंड्यावर नव्हता." मामी म्हणाल्या, "आयत्या वेळचा विषय हाय." नावही त्यांनीच ठेवलं. "जल्मभर चेअरमनच्या मागं मागं चाललात. आता तुमच्या मागं चालणारा एक चेअरमन घरात ऱ्हाऊ द्या." तेव्हापासून संध्याकाळी मामा प्रवरेच्या पुलापर्यंत फिरायला निघाले की मागून चेअरमन, असा क्रम होता. पुलावरून परतताना कुणी विचारलं, "काय सेक्रेटरी, कुठं?" तर मामा अंगठ्यानं मागं दाखवायचे. "चेअरमनला विचारा."

मामींना जाऊन दोन वर्षं झाली. त्या दोन वर्षांत त्या घरात एकही ठराव झाला नाही. बाहेरच्याला हा म्हातारपणाचा हट्ट वाटला असता. मला आधी तसंच वाटलं. पुढच्या भिंतीला निम्मा रंग लागून राहिला. गिझर आणायचा राहिला. मामा सवयीनं सूचना मांडायचे, मान स्वयंपाकघराकडे वळायची, जरा वेळ तशीच राहायची, आणि मग ते म्हणायचे, "तहकूब." प्रकाश वैतागायचा. "आण्णा, तुमचं घर, तुमचा पैसा. आणा ना काय आणायचं ते!" मामा म्हणायचे, "अनुमोदक न्हाई, प्रकाश. त्याला मी तरी काय करू?"

अशा घरात पोळ्याच्या मिरवणुकीत फटाका वाजला, चेअरमननं ओसरीवरून उडी मारली आणि मागचा उजवा पाय वर धरून तो परत आला. गावातल्या डॉक्टरनं सूज उतरायच्या गोळ्या दिल्या. सूज उतरली, पाय टेकेना. म्हणून मी मामांना आणि चेअरमनला नगरला आमच्याकडे बोलावून घेतलं. नगरच्या डॉक्टरांनी मांडीचं हाड एका हातात धरलं, नडगीचं हाड दुसऱ्या हातानं पुढं ओढलं, आणि ते टेबलाच्या खणासारखं सरकलं. ते माझ्या डोळ्यांनी पाहिलं. गुडघ्याच्या आतली दोरी, म्हणजे लिगामेंट, तुटली होती. मी विचारलं की नेमके पर्याय किती, आणि डॉक्टरांनी सरळ सांगितले. एक, ऑपरेशन करून हाडाचा उतार बदलायचा आणि प्लेट बसवायची. दोन, पूर्ण विश्रांती, वजन उतरवायचं, गोळ्या, आणि वाट पाहायची. "दहा-बारा किलोचा असता तर मीच म्हणालो असतो, वाट पाहू. हा चौतीस किलोचा आहे. तसाच ठेवला तर चालेल, पण लंगडत. गुडघा झिजत जाईल, आणि सगळा भार दुसऱ्या पायावर आल्यानं पुष्कळदा तोही जातो. खात्री कशाचीच नाही. पण ठरवायचं तर फार उशीर करू नका."

यावर मामांचं ते वाक्य झालं, आणि आम्ही परत निघालो.

सभा होत नाही तोवर दुसरा पर्याय आपोआप लागू झाला. चेअरमनला गोठ्यात पोत्यावर बांधून ठेवलं. सकाळ-संध्याकाळ प्रकाश त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून, मागचा भाग उचलून, त्याला बाहेर न्यायचा. तोंडानं शिव्या द्यायचा, पण टॉवेल कधी खाली सोडला नाही. चूक दुसरीकडेच झाली. आमच्याकडे आजाऱ्याला रिकाम्या हातानं भेटायला जात नाहीत. गल्लीतली माणसं चेअरमनला भेटायला येऊ लागली. कुणी बिस्किटं आणली, कुणी साजूक तुपातला शिरा. एक म्हातारी तर नातसुनेच्या बाळंतपणाचे डिंकाचे लाडू घेऊन आली, हाड लवकर जुळतं म्हणून. मामांना नको म्हणवेना. आलेला माणूस परत कसा लावायचा? पुढच्या खेपेला मी गेलो, तेव्हा मामा सोसायटीच्या खताच्या काट्यावर आधी चेअरमनला कवेत घेऊन उभे राहिले, मग एकटे. वजाबाकी मी केली. छत्तीस किलो आणि वर थोडे. विश्रांतीनं दोन किलो वाढले होते.

"सभा घ्या, मामा," मी म्हणालो.

सभा घटस्थापनेच्या आदल्या दिवशी झाली. मामा खुर्चीत, प्रकाश उंबऱ्यावर, मी पाहुण्यांच्या लोखंडी कॉटवर. प्रकाशची बायको सविता आत भाकरी करत होती. चेअरमनला मामांनी मुद्दाम ओसरीवर आणवलं होतं, "ज्याचा विषय त्यानं हजर पाहिजे" म्हणून.

प्रकाश आधी बोलला. "आण्णा, माझ्या मनात वाईट न्हाई. पण पंचावन्न हजार? कुत्र्याच्या गुडघ्याला? लोक हसतील की! एवढ्यात माझ्या दुकानात महिनाभराचा पाईप येतो."

मला आकडे सांगायला सांगितलं, ते मी सांगितले. कुत्रा सात वर्षांचा आहे, आणखी पाच वर्षं जगेल असं धरलं, तर दिवसाला तीस रुपये पडतात, म्हणजे अर्ध्या लिटर दुधाएवढे. न केलं तर गोळ्यांचा खर्च कमी, पण दरवर्षी चालू. मग मी म्हणालो, "माझं मत विचाराल तर करावं."

"तुमी जावई," मामा म्हणाले. "जावई निमंत्रित असतो. आकडे मांडायचे, मत न्हाई द्यायचं."

तक्रारीला जागाच नव्हती. तीस वर्षं हेच चालत आलं होतं.

मामा उठून उभे राहिले. सूचना मांडताना ते नेहमी बसूनच असायचे, म्हणून मला ते लक्षात राहिलं. म्हणाले, "चेअरमनच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन नगरच्या डॉक्टरकडून करून घ्यावं, आणि खर्च माझ्या ठेवीतून करावा, अशी सूचना मी मांडतो." आणि थोडं थांबून, नियमात नसलेलं एक वाक्य बोलले. "तिनं आणलेला हाय. लंगडत माझ्या मागं येताना मला बघवायचं न्हाई."

प्रकाशनं मान खाली घातली. "मी तटस्थ," तो म्हणाला. "इरोध न्हाई माझा."

तटस्थ माणूस अनुमोदक होऊ शकत नाही. मामांची मान स्वयंपाकघराकडे वळली आणि तशीच राहिली. चेअरमननंही तिकडेच पाहिलं. त्याला भाकरीचा वास येत असावा. मामांचे ओठ हलायला लागले. पुढचा शब्द "तहकूब" हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"अनुमोदन!"

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला नव्हता.

मामा खुर्चीत बसले.  मग त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला आणि विचारलं, "कोण बोललं?"

"मीच की, आण्णा," सविता आतून म्हणाली. "तवा तापलाय, भाईर येता येत न्हाई. आन् भिंतीच्या रंगाला बी माझं अनुमोदन धरा. दोन वर्सं झाली, निम्मी भिंत बघून डोळं दुखाया लागलं."

"तो विषय अजेंड्यावर न्हाई," मामा म्हणाले.

"आयत्या वेळचा धरा."

प्रकाश हसला, आणि हसताना त्यानं हात वर केला. मामांनी तो मोजला. "सर्वानुमते मंजूर," असं ते म्हणाले खरे, पण त्यांचा आवाज इतका बारीक होता की मी खुर्चीजवळच कॉटवर होतो म्हणून मला ऐकू आला.

ऑपरेशन दसऱ्याआधी झालं. प्लेट नीट बसली. भेटायला येणाऱ्यांना सविता दारातूनच सांगायची, "चेअरमनला फक्त बघायचं. खायला मला द्या." चेअरमन आता पुलापर्यंत जातो. थंडीत सकाळी उठताना पाय जरा आखडतो, आणि मग मामा दारात थांबून राहतात. पूर्वी चेअरमन त्यांच्या मागून चालायचा. आता दोघं बरोबर चालतात, आणि कोण कुणासाठी सावकाश चालतो हे मला सांगता येणार नाही.

शेवटी दिले ते असे. डॉक्टरांना पंचावन्न हजार, औषधांचे चार हजार दोनशे. रंगाऱ्याला निम्म्या भिंतीचे अठराशे. आणि ठराव झाला त्याच संध्याकाळी, भाकऱ्या झाल्यावर, सविताला बैठक भत्ता रुपये दहा. ते नाणं मामांनी ओट्याच्या कडेला ठेवलं, हातात दिलं नाही. सवितानं पिठाचा हात पदराला पुसला, फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला आणि ते आत टाकलं. डबा अजून जड होता.