आधी अंगठा दे

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मालन मॅडमनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, टक्के तर नाहीच नाही. सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबच्या दारातच त्या उभ्या होत्या. हातात काचेची झाकणवाली बशी, तिच्यात पिवळसर जेली. म्हणाल्या, "अंगठा दे."

मी दचकलेच. आमच्या आज्यानं जन्मभर कागदावर अंगठा उठवला, वडील कसेबसे सही शिकले, आणि मी कडोलीहून बेळगावला सायन्स शिकायला आले ती पुन्हा अंगठा द्यायला?

"बघत काय ऱ्हायलीस? टेक जेलीवर. दाबू नको, भाकरी थापायची न्हाय तुला."

दोन-तीन दिवसांनी ती बशी त्यांनी माझ्यापुढे ठेवली. अंगठा टेकला होता तिथं पांढरे, पिवळे, एक भगव्या रंगाचा, असे ठिपके उगवले होते. "ही तुझी वस्ती," त्या म्हणाल्या. "तुला वाटलं व्हतं, तू एकटीच आलतीस कॉलेजला?" ही त्यांची हजेरी. दरवर्षी, प्रत्येक नव्या मुलाची. रजिस्टर नंतर.

सगळी पोरं त्यांना तोंडावर आक्का म्हणायची आणि त्यांना ते चालायचं. येळ्ळूरच्या शेतकऱ्याची मुलगी, सासरही येळ्ळूरच. सकाळी बसमधून उतरायच्या तेव्हा एका पिशवीत डबा आणि दुसऱ्या पिशवीत शेतातून उपटलेलं मसुरीचं रोप, मुळांसकट, मातीसकट. मुळांवरच्या गुलाबी गाठी दाखवून त्या हवेतल्या नायट्रोजनचा धडा सुरू करायच्या. शिकवणं इंग्रजीतून, समजावणं मराठीतून, मागच्या बाकावरच्या पोरांसाठी कन्नडमधून. दम मात्र तिन्ही भाषांत सारखाच बसायचा.

मी कडोलीत दरवर्षी भरणाऱ्या साहित्य संमेलनाच्या मांडवात सतरंज्या अंथरत वाढलेली. अध्यक्षांची भाषणं ऐकून मराठी अशी तयार झाली होती, की कुणाशीही वाद घालावा. पण इंग्रजी पाठ्यपुस्तकाचं पहिलं पान वाचलं आणि मला रडू आलं. आक्कांनी ते पाहिलं. सांत्वन वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी फोन काढला, जिवाणूच्या पेशीचं एक हलतं चित्र लावलं, त्यात एक बाई इंग्रजीत बोलत होती, आणि म्हणाल्या, "आवाज बंद कर गं त्या बाईचा. तू नुसतं बघ. मी सांगते."

आमच्यासारख्यांसाठी त्या नेट धुंडाळायच्या. रिकाम्या तासाला स्टाफरूममध्ये चष्मा कपाळावर चढवून, मसूर निवडावी तसे व्हिडिओ निवडत बसायच्या. परदेशी विद्यापीठांचे, बेंगळुरूच्या कुणा हौशी पोराचे, व्हर्च्युअल लॅबचे. बरेचसे खडे निघायचे. पांढऱ्या कोटातली, हातमोजे घातलेली माणसं पाहून त्या कुरकुरायच्या, "ह्यांच्या लॅबात कुठं मातीच दिसत न्हाय. मग ह्यांचे जिवाणू येत्यात कुठनं?"

त्यांचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. "नेटवरचं आधी आपल्या कुकरात शिजवायचं, मगच पोरांस्नी वाढायचं." कुकर खराच होता. लॅबचं निर्जंतुकीकरणाचं यंत्र कायम आजारी, म्हणून त्यांनी घरचा मोठा कुकर आणून ठेवला होता. कुठलाही प्रयोग आधी त्या स्वतः आपल्या सामानावर, आपल्या दह्यावर, आपल्या मातीवर करून बघायच्या. जमला तर तो व्हिडिओ वर्गात यायचा.

एकदा जिवाणूंना रंग देऊन त्यांचा गट ओळखायच्या पद्धतीचा एक फार गाजलेला व्हिडिओ त्यांनी करून पाहिला. दह्यातले जिवाणू शेवटी जांभळे दिसायला हवेत, ते गुलाबी निघाले. पुन्हा केला, पुन्हा गुलाबी. आक्का पडद्याकडे बघून म्हणाल्या, "सायबा, अल्कोहोल लई वेळ ठेवतुयास तू. सगळा रंग धुऊन चाललाय." आणि तिथल्या तिथं त्या व्हिडिओखाली इंग्रजीत चूक लिहून टाकली. मी म्हटलं, "आक्का, तो एवढा मोठा शास्त्रज्ञ..." तर म्हणाल्या, "मोठा असंल. दही आपलं हाय." काही दिवसांनी त्या माणसानं चूक मान्य करून आभार मानले. आक्कांनी ते आम्हाला दाखवलंही नाही, मला आपलं एका मैत्रिणीकडून कळलं.

मग लॉकडाऊन आला. लॅबला कुलूप. आक्कांनी येळ्ळूरच्या स्वयंपाकघरातच लॅब मांडली. किराणा दुकानातलं चायनाग्रास, बटाट्याचं पाणी, चिमूटभर साखर, झाली जेली तयार. नेटवर जिथं जिथं चांगलं काही सापडेल, ते गोळा करून त्या आम्हाला पाठवायच्या आणि खाली स्वतःच्या आवाजात मराठीतून समजावून सांगायच्या. आम्हीही घरोघरी तेच करून बघायचो, आणि माझी आई कडोलीत डोक्याला हात लावून बसलेली. "पोरी, माझ्या कुकरात जंतू शिजवू नको गं!" आक्कांनी तिला फोनवर सांगितलं, "वैनी, शिजवाय न्हाय, माराय घातल्यात." तेव्हा आईनं कुकर मला देऊन टाकला तो टाकलाच.

आमचं वर्ष तरलं ते या बाईमुळे. संस्थेनं त्यांचा सत्कार केला, शाल दिली, ऑनलाइन शिक्षणाचा आदर्श वगैरे बोलणं झालं. आणि त्या शालीतूनच साप निघाला.

कॉलेज उघडलं तेव्हा आम्ही शेवटच्या वर्षाला होतो. संस्थेच्या चेअरमननी आक्कांना बोलावून सांगितलं, की सूक्ष्मजीवशास्त्राची लॅब मोडून तिथं स्मार्ट हॉल करायचा आहे. मोठा पडदा, गुबगुबीत खुर्च्या. प्रात्यक्षिकं पडद्यावर. "मॅडम, तुम्हीच तर दाखवून दिलंत," ते हसून म्हणाले. "लॅबशिवाय अख्खं वर्ष शिकवलंत. सगळं नेटवर आहे."

आक्का परत आल्या त्या लालबुंद होऊन. "माझीच काठी नि माझंच टाळकं," एवढंच बोलल्या. आम्हाला भीती वाटली. लॅब गेली तर येळ्ळूर-कडोलीच्या पोरांना मायक्रोस्कोप फक्त चित्रात दिसणार होता. आमच्यापैकी कुणाच्या घरी तो येणार होता? प्राचार्य भले गृहस्थ, पण वाद नको वाटणारे. ते कन्नडमध्ये समजूत घालायला लागले, "मॅडम, स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी." थोडं जमवून घ्या. आक्कांनी त्यांच्याच भाषेत उत्तर दिलं, "आगंगिल्ल सर." होणार नाही, सर. मग माझ्याकडे वळल्या. "बश्यांत जेली ओत गं."

दुसऱ्या दिवशी मी ट्रे धरून त्यांच्यामागे चेअरमनच्या केबिनमध्ये शिरले. चेअरमन, सेक्रेटरी आणि प्राचार्य बसले होते. आक्का म्हणाल्या, "लॅब मोडायच्या आधी अंगठा द्या."

चेअरमन हसले. "अहो, आम्हाला सही येते."

"सही जेलीवर उगवत न्हाय, साहेब."

सेक्रेटरींनी टेबलावरच्या सॅनिटायझरनं हात चोळले आणि मग रुबाबात अंगठा टेकला. चेअरमननी टेकला, प्राचार्यांनी भीतभीत टेकला. शेवटी आक्कांनी स्वतःचाही टेकला. बश्यांवर नावं घालून आम्ही आलो.

दोन-तीन दिवसांनी बश्या पुन्हा केबिनमध्ये नेल्या तेव्हा कुणी हसलं नाही. सेक्रेटरींच्या बशीतसुद्धा दोन-चार ठिपके होतेच. प्राचार्यांच्या बशीत पांढरी दाटी. सगळ्यात जास्त आक्कांच्या बशीत, कारण त्या सकाळी मसुरीच्या वाफ्यातून आल्या होत्या, आणि तसं त्यांनी अभिमानानं सांगितलंही. चेअरमनच्या बशीत मधोमध एक सोनेरी पिवळा ठिपका होता, चकचकीत, फुगलेला. ते खुर्चीतून पुढे वाकले.

"हे काय आहे? धोक्याचं आहे का?"

"ते व्हिडिओला विचारा," आक्का म्हणाल्या.

आक्कांचा आवाज चढला नव्हता. "साहेब, मी नेट धुंडाळण्यात अर्धं आयुष्य घातलं. चांगलं चांगलं सगळं हाय तिथं. पर तुमचा अंगठा न्हाय. ह्या पोरीच्या शेतातली माती न्हाय. ते बघायचं तर बशी लागती, कुकर लागतो, मायक्रोस्कोप लागतो. लॉकडाऊनात आमी निभावलं. दुष्काळात माणूस पाला खातो, म्हणून सुगीत बी पालाच वाढायचा काय?"

चेअरमननी बशी स्वतःकडे ओढली. मग म्हणाले, "पण हे काय आहे ते सांगाल तरी."

"सांगते की. पर हितं न्हाय. लॅबात चला."

आणि ते आले. लॅबच्या जिन्यावर त्यांना कधी कुणी पाहिलं नव्हतं. आक्कांनी त्या पिवळ्या ठिपक्यातला कण काचेवर घेतला, रंग दिला, धुतला, मायक्रोस्कोप लावला आणि बाजूला झाल्या. चेअरमन एक डोळा मिटून बघत होते. द्राक्षांसारखे घोस, जांभळे. "हे माझ्या हातावर?" त्यांनी अगदी लहान आवाजात विचारलं. आक्कांनी सांगितलं, असे पुष्कळांच्या हातावर असतात, जखम सांभाळा, हात धूत चला. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "बाजूला व्हा गं, त्यांस्नी नीट बघू द्या."

लॅब राहिली. जाताना चेअरमननी नवे मायक्रोस्कोप कबूल केले होते, ते काही आले नाहीत, आक्का निवृत्त होईपर्यंत आले नाहीत. मोठा पडदा मात्र आला, आमच्याच लॅबच्या भिंतीवर, आणि आक्कांनी तो रोज वापरला, आवाज बंद करून. निरोप समारंभात त्यांना दोन शब्द बोलायला सांगितलं तर म्हणाल्या, "कुकर इथंच ठेवून चाललीया. रबर बदला." आणि बसल्या. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटत नाही. मला इंग्रजीची भीती वाटत होती तेव्हा या बाईनं जगाचा आवाज बंद करून मला बघायला शिकवलं होतं.

मी आता निपाणीच्या एका कॉलेजात शिकवते. नेटवरून चांगलं काही निवडून पोरांना द्यायची सवय मलाही लागली आहे, कुकरात शिजवून. गेल्या आठवड्यात आमच्या प्राचार्यांनी बोलावलं. प्रात्यक्षिकांसाठी एक सॉफ्टवेअर घ्यायचं ठरतंय म्हणाले, लॅबची जागा मोकळी होईल. मी बाहेर आले आणि आक्कांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. पलीकडे कोंबडी ओरडत होती.

"मग मला कशाला फोन लावलास?" त्या म्हणाल्या. "चायनाग्रास संपलंय व्हय निपाणीत?"

आज सकाळी मी ट्रे घेऊन प्राचार्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "मॅडम, हे कशाला? सगळं ऑनलाइन मिळतंय की आता."

"व्हय सर, मिळतंय," मी म्हटलं आणि बशीचं झाकण उघडलं. "आधी अंगठा द्या."