कावळा लगेच शिवला

सुतक आम्हालाही होतं. हे लोकांच्या ध्यानात येत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते. माझ्या मुलाच्या हातून जो गेला, तो माझ्या थोरल्या दिरांचा मुलगा. भाऊकी एकच. त्यामुळे त्यांच्या घरातली देवपूजा थांबली तशी आमच्याही घरातली थांबली. चूल त्यांची पेटेना, आमचीही पेटेना. भाऊकीबाहेरची एक शेजारीण पिठलं-भाकरीचे दोन डबे आणायची, एक तिकडे, एक इकडे. इकडचा डबा उंबऱ्यात ठेवताना ती माझ्याकडे बघायची नाही. असा संताप व्हायचा! अगं बाई, मी नाही मारलं कुणाला. पण बोलायला तोंड कुठं होतं मला?

सोमाटण्याच्या पुढे, पवनेच्या काठाला आमचं गाव. दोघे चुलत भाऊ मिळून धरणाच्या काठावर तंबू लावायचे, शनिवार-रविवारी येणाऱ्या मुंबईच्या पोरांसाठी. लोणावळा स्टेशनवरून गिऱ्हाईक आणायचं काम माझ्या मुलाचं, बाकीचं सगळं मोठा बघायचा. भांडण झालं ते एका बुकिंगवरून. त्या मोठ्या भावानं चारचौघांत आईवरून शिवी दिली, आणि माझ्या मुलाच्या हातात तंबूच्या खुंट्या ठोकायचा हातोडा होता. एवढ्यावरून माणूस मेला. दोघांना मी एका ताटात भरवलेलं. मोठ्याच्या हळदीत सगळ्यात जास्त नाचले ती मी.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी भेटू दिलं. "आई, माझ्या हातनं झालं," एवढं तो म्हणाला. आणि लगेच, "मला हितनं काढ." मी थांबले. मला वाटलं, आता विचारेल. वहिनी कशी हाय, तिची पोरगी कशी हाय, काकी जेवली का. कसलं काय! पुन्हा तेच. "पपांना सांग, वकील चांगला बघा." माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अरे, दादाचं नाव तरी घे की!" तो खाली मान घालून बसला. मी तशीच निघून आले.

आमचे हे त्याच संध्याकाळी वडगावला जाऊन एका वकिलाशी बोलून आले. ते तसे मुलखाचे अबोल. पण त्या दिवशी म्हणाले, "गुन्हा त्यानं केला, मला कळतंय. पण आईबाप आपुन हाये. आपुन न्हाई उभं राह्यलो तर कोन राहनार?" माझा भाऊ तळेगावात शिक्षक आहे. तो म्हणाला, "शिक्षा होऊ दे, पण त्याला एकटा पाडू नकोस." म्हणजे नेमकं काय करू रे बाबा?

माझ्या डोक्यात एकच घोळायचं. वकील दिला तर तो कोर्टात काय बोलणार? मेलेल्यानंच आधी हात उचलला, मेलेलाच तसला होता, हेच ना? आणि ते मी ऐकायचं, समोर जाऊबाई बसलेल्या असताना? बरं, नाही दिला तर पोटचं पोर वाऱ्यावर. गेली कित्येक वर्षं मी अंगणवाडीत लोकांची पोरं सांभाळते. कुणी कुणाला मारलं की दोघांनाही जवळ घेते. इथं दोघांना जवळ घ्यायची सोयच राहिली नव्हती.

दहाव्याला आम्ही जावं की नाही, हे कळेना. भाऊकीतले सगळ्यात वयस्कर आबा सकाळी दारात आले. "सुतक दोन्ही घरांना हाय. घाटाव यायचं," म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले. आम्ही गेलो. न्हाव्यापुढे भाऊकीतले सगळे पुरुष ओळीनं बसले, त्यात हेही बसले. मुलानं मारलेल्या पुतण्यासाठी बाप केस उतरवून घेत होता. बायका पदराआडून बघत होत्या.

नदीकाठी पिंड ठेवला. शेजारी त्याच्या आवडीचा वडापाव, तंबाखूची पुडी. उंबरावर कावळे कलकलत होते, पण खाली एक येईना. आमच्याकडे कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्याचं काहीतरी अडलंय असं धरतात. मग एकेक जण पुढे होतो, हात जोडतो आणि शब्द देतो. कुणी म्हणालं, तुझ्या पोरीला शिकवू. कुणी म्हणालं, तुझ्या आईबापाला अंतर देनार न्हाई. कावळा येईना. आमचे हे पुढे गेले. भादरलेलं डोकं, जोडलेले हात. "माफ कर, लेकरा," म्हणाले. कावळा जागचा हलेना. ऊन चढायला लागलं.

सुतकात जाऊबाईंनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं. तेव्हा पाहिलं. मला कळलं, आणि घाटावर प्रत्येकाला कळलं. कुणी मला उठ म्हणालं नाही. मीच उठले. हात जोडले आणि म्हणाले, "त्याला सोडवायला आमी वकील देनार न्हाई. जामीन मागनार न्हाई. तू जा आता, बाळा."

कावळा खाली उतरला आणि शिवला.

सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. जाऊबाई माझ्या गळ्यात पडून हमसून हमसून रडल्या. मीही रडले. कुणासाठी ते माझं मलाच ठाऊक. घरी आल्यावर हे म्हणाले, "कावळ्याला शब्द दिलास. पोराला जन्म दिलतास, त्याचं काय?" त्यानंतर ते माझ्याशी कामापुरतं बोलतात. गावादेखत दिलेला शब्द मोडायची त्यांची हिंमत झाली नाही. वकिलाकडे ते पुन्हा गेले नाहीत.

पुढे कोर्टानंच मुलाला एक वकील दिला, अगदी तरुण मुलगी. ती तिचं काम करते, बिचारी. दहाव्यानंतरची पहिली तारीख वडगावला होती तेव्हा मी एकटीच गेले. गाडीतून कैदी उतरले. माझा मुलगा मला पटकन ओळखूच आला नाही. त्याचं डोकं भादरलेलं होतं, नुकते कुठं खुंट फुटत होते. मला वाटलं, आत सगळ्यांचेच काढत असतील. पण बाकीच्यांचे केस जागेवर होते.

पोलीस भला माणूस होता, जरा बाजूला झाला. मी विचारलं, "केस का रे काढलेस?"

"दादाच्या दहाव्याला. तितं न्हावी येतो, त्याला म्हनलं, काढ." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आई, कावळा शिवला का?"

"शिवला."

"लगेच?"

हेच, एवढंच मला त्या पहिल्या भेटीत ऐकायचं होतं. तेव्हा बोलला असता तर मी घाटावर उठले असते का? देवा, मला खरंच माहीत नाही.

"लगेच शिवला, बाळा," मी म्हटलं.

त्यानं बेडीतले दोन्ही हात वर नेऊन डोळे पुसले. "बरं झालं. मला वाटलं, माझ्यामुळं अडंल. तू जेवून घे. बीपीची गोळी चुकवू नको." वकिलाबद्दल त्यानं अवाक्षर काढलं नाही. त्याला आत नेलं.

एसटीनं घरी आले. जाऊबाई ओट्यावर नातीची वेणी घालत होत्या. "चहा घेता का?" म्हणाल्या. आता त्या माझ्याशी बोलतात. मी बसले, चहा घेतला.

मी मरेन तेव्हा माझ्या पिंडाला कावळा शिवायचा नाही. भाऊकी घाटावर ताटकळत उभी राहील. माझं काय अडलंय ते आबांपासून जाऊबाईंपर्यंत सगळ्यांना ठाऊक असेल, आणि तो शब्द द्यायला कुणीही पुढे येणार नाही.