धुरपताची नाव

तिरोड्याकडे वैनगंगेच्या एका घाटावर धुरपता आणि तिचा नवरा सुखराम नाव चालवत. तो वल्हं मारायचा, नावेची डागडुजी ती करायची. १९५३ साली घाटाचा ठेका सुखरामला मिळाला. त्याआधी घाट छोटेलालचा होता.

पंधरवड्यातच छोटेलाल माणसं घेऊन आला. त्यांनी सुखरामला वाळूत दाबून धरलं आणि कुऱ्हाडीच्या पाठीनं त्याचा उजवा हात कोपरात मोडला. मग नावेत उतारू उभे राहायचे त्या तळाच्या फळ्यांवर घाव घालून भोकं पाडली. धुरपता आडवी आली, तर तिच्या तोंडावर लाथ बसली. पुढचे दात गेले.

"सोडून दे वं नाव," सुखराम कण्हत म्हणाला. "तो जीव घेईन."

"मंग खाचं काय?"

तोंड सुजलेलं असतानाच ती कामाला लागली. भोकांच्या फुटक्या कडा तासून तिनं सागाची ठिगळं बसवली, फटींत अंबाडीचे धागे ठासले. काठावर चूल मांडून मडक्यात जवसाच्या तेलासोबत राळ उकळली आणि फटींवर गरम गरम ओतत गेली. शेवटचं भोक राहिलं होतं, तेव्हा छोटेलाल कुऱ्हाड घेऊन एकटाच आला.

"काऊन जोडून राहिली? मी तोडीनच."

तिनं चुलीत लाकूड सारलं. तो हसला आणि नावेकडे न जाता झाडाखाली पडलेल्या सुखरामकडे वळला. त्यानं कुऱ्हाड उचलली. धुरपतानं चुलीवरचं मडकं फडक्यात धरून त्याच्या तोंडावर रिकामं केलं.

राळ चिकटली. त्यानं ती नखांनी ओरबाडली, तशी कातडी सोलून हातात आली. ओरडत तो नदीत पडला. लोकांनी ओढून काढलं, पण दोन्ही डोळे गेले होते.

धुरपता भंडाऱ्याच्या जेलात राहून आली. तोवर सुखराम डाव्या हातानं वल्हं मारायला शिकला होता.

एका दुपारी छोटेलालची म्हातारी आई घाटावर आली. धुरपतानं तिला नावेत घेतलं. मध्यावर म्हातारीनं विचारलं,

"तूच का वं ते?"

"हो, माय."

"तुयं चुकलं नाही म्हणतेत लोकं." म्हातारी पाण्याकडे बघत राहिली. "पर त्याले घास मले भरवा लागते. मी मेल्यावर कोन भरवन?"

पलीकडचा काठ लागला, तेव्हा गुडघाभर पाण्यात उतरून धुरपतानं म्हातारीला पाठीवर घेतलं आणि कोरड्या वाळूत नेऊन ठेवलं.