भाऊंचं माप

आंबा तळहातावर घ्यायचा, बोटं मिटायची आणि वर न बघता म्हणायचं, "पाच." म्हणजे पाच डझनांच्या पेटीतला. तुम्ही आंब्याच्या दिवसांत पावसला आला असाल, तर आमच्या शेडमध्ये भाऊंना असं बसलेलं पाहिलंही असेल. वजनकाटा मी हौसेने आणला होता. त्यावर भाऊ आपली टोपी ठेवत.

मध्येच ते उजवा डोळा दाबून धरत. डोळा लाल व्हायचा, पाणी गळायचं, मिनिटभराने "सहा" म्हणून परत कामाला लागायचे. दिवसातून वीस वेळा तरी.

"भाऊ, काय होतंय?"

"काय नाय ओ, चीक उडाला."

देठाचा चीक डोळ्यात जाणं आमच्याकडे नेहमीचंच, त्यामुळे सगळ्यांना पटलं. पावसाळ्यात शेड बंद असतानाही तो डोळा गळत होता, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि आम्ही विचारलंही नाही.

मग एका वर्षी पेट्यांची झाकणंच बसेनात. भरणाऱ्या बायका दमल्या, पाच डझन काही केल्या मावेनात. आंबे मोठे होते, चार डझनांतले. भाऊंचं माप चुकलंय, असं आजवर झालं नव्हतं. ते नुसते हाताकडे बघत राहिले.

"आंबा बारका लागतो हल्ली," एवढंच म्हणाले.

अंगठी त्यांनी केव्हाच कापून काढली होती, चपलांचा नंबर दोनदा वाढला होता. आम्ही त्यावरून चेष्टाच केली होती. पण भाऊ म्हणजे भाऊ. दोन दिवसांत त्यांनी हाताला नवं माप शिकवलं.

शेवटी डोळा दाखवायला गेले, तेव्हा रत्नागिरीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी डोळ्याआधी त्यांचे हातच पाहिले आणि एमआरआय काढायला लावला. मेंदूच्या तळाशी पिट्युटरी नावाची वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यावर गाठ होती. हात वाढवत होती ती हीच, आणि डोळ्यामागे कळ आणत होती तीही हीच. अशी डोकेदुखी फार क्वचित कुणाला होते म्हणे. आता गाठ नजरेच्या शिरांना टेकली होती. लगेच मुंबईला जा, म्हणाले.

वहिनी, म्हणजे भाऊंची बायको, ते कागद घेऊन शेडवर आल्या. "हे ऐकत नाहीत. म्हणतात, सीझन सोडून कसा जाऊ? तुमचं ऐकतील. सांगा त्यांना."

अक्षय्य तृतीया तीन आठवड्यांवर आली होती. मी म्हणालो, "वहिनी, एवढी अक्षय्य तृतीया होऊन जाऊ दे. मग मीच घेऊन जातो."

मीच घेऊन गेलो. नाकातून ऑपरेशन झालं, कळा थांबल्या. दोन्ही बाजूंची नजर मात्र तोवर गेली होती, ती परत आली नाही. समोरचं तेवढं दिसतं. तीन आठवड्यांनी फरक पडला असता का, हे डॉक्टरांना विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

वाटेतल्या पेट्यांना अडखळतात, म्हणून भाऊ आता शेडवर येत नाहीत. परवा मी त्यांच्या घरी गेलो. पडवीत बसून ते शेजाऱ्यांना सांगत होते, "ह्या दादांनी मुंबईला नेलं म्हणून वाचलो बघा." वहिनींनी चहा आणला. भाऊंचा कप त्यांच्या बरोबर समोर ठेवला, दुसरा मला दिला, आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.