रक्त आणणारी

"हिनं? नाही हो. ही रक्त आणणारी. तांड्यातली आहे ना, ते लोक हिचं ऐकतात."

हे जीन शोधलं कोणी, असं एका पाहुण्यानं माह्याकडे बोट करून विचारलं होतं. माह्या गाईड सरायनं भरल्या सभागृहात हा जवाब देल्ला. लोक हसले.

पडद्यावरचं सगळं काम माहं होतं. कानाचं काम चालवणाऱ्या जीन्सचं एक कुटुंब असते, सारख्या तोंडावळ्याची भावंडं. त्यातल्या एकाले सगळे मेलेली नक्कल म्हणत. "कचरा आहे, वेळ घालवू नको," असं सरच म्हणाले होते. म्या नाही फेकलं. थे जित्तं निघालं! त्याच्यापासून कानाच्या पेशीत प्रथिन बनते. आमच्या तांड्यातल्या बहिऱ्या पोरायमध्ये त्याचं एक अक्षर बदललेलं होतं. मायकडून आलेल्या प्रतीत बी, बापाकडून आलेल्या प्रतीत बी.

बापाकडून बी. हे मले याडीले सांगायचं होतं. याडी म्हणजे माही माय. भाऊ लहानपणीच बहिरा झाला, तवापासून नेरकडच्या आमच्या बंजारा तांड्यात बोल तिलेच. कोणाच्या लग्नात तिले नवरीले हळद लावू देत नाहीत. "हिच्या कुशीतच खोट," म्हणतात. बाप गप्प ऐकते.

पहिल्या खेपेले रक्त द्यायले हात तिनंच पुढं केला होता, माह्या भरवशावर. तांड्याच्या नायकानं सगळ्यायसमोर विचारलं होतं, "बाई, रक्ताचा जवाब आणशील ना?" म्या हो म्हटलं होतं. नायकापुढं देल्लेला शब्द म्हणजे अख्ख्या तांड्याले देल्लेला शब्द.

सरायले म्हटलं, तांड्यावर जाऊन सांगू. "त्यांना काय कळणार? आधी छापून येऊ दे." छापून आलं. आयत्या बिळावर नागोबा. माहं नाव शेवटी आभारात, गाडीच्या ड्रायव्हरखाली. जवाब तांड्यावर गेलाच नाही.

मंग सर आणखी रक्त न्यायले आले. नायकाच्या ओट्यापुढं लोक जमले, बाह्या वर करून.

"सांग त्यांना, शुगर तपासायची आहे," सर म्हणाले.

काहून खोटं बोलू? म्या आमच्या गोरबोलीत सगळं सांगतलं. हे शुगर नाही. पहिल्या रक्तात काय सापडलं, कोणी शोधलं, जवाब काहून आला नाही. आणि माह्या भावाचं बहिरेपण मायबाप दोघायकडून आलं, एकट्या याडीकडून नाही.

बाप जमिनीकडे पाहत राह्यला. याडी उठली, बाही खाली केली. मंग नायकानं केली. मंग सगळ्यायनं.

"काय सांगितलंस तू?"

"खरं थे सांगतलं, सर."

"तुझी पीएचडी विसर."

नाही विसरली. दुसरा गाईड शोधून राह्यली. कोणी उभं करत नाही. मी दार ठोकणं सोडत नाही. पण आता ज्याले आमचं रक्त पाहिजे, त्यानं आधी नायकाच्या ओट्यावर बसून खरं बोलावं, अन् जवाब घेऊन वापस यावं. तोवर एक थेंब भेटणार नाही. मधात मी उभी आहे.